क्षेत्र कोणाचे, किल्ली कोणाची?

(घोडेगाव, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही मंडळींना आश्चर्य वाटले असेल. मेंदूत बसवलेली चिप, ती हॅक करणारे चोर आणि त्यावरचा एक परदेशी चित्रपट! जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या घोडेगावात हा विषय कशासाठी, असा प्रश्न मला संध्याकाळी चहा घेताना एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलाही. त्यांना मी म्हणालो, हा विषय मी चित्रपटगृहातून आणलेला नाही, माझ्या घरातून आणलेला आहे.

माझे थोरले बंधू, आमचे दादा, निवृत्त तलाठी. सारी हयात सातबारा, फेरफार आणि आठ-अ यांत गेली. अक्षर मोत्यासारखे. वयाच्या पासष्टीनंतर त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. कंपवात, म्हणजे ज्याला डॉक्टर पार्किन्सनचा आजार म्हणतात, त्याचे निदान झाले. काही वर्षे गोळ्यांनी निभावले. पुढे गोळीचा गुण तासाभरात उतरू लागला, पाऊल जागीच खिळू लागले आणि एके दिवशी बँकेतून त्यांचा धनादेश परत आला. कारण लिहिले होते, सही जुळत नाही. ज्या माणसाच्या सहीने गावातील जमिनींच्या नोंदी झाल्या, त्याची स्वतःची सही त्याची राहिली नव्हती.

डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. मेंदूत खोलवर दोन बारीक तारा बसवायच्या, छातीत कातडीखाली बॅटरीचे यंत्र ठेवायचे आणि विजेच्या सूक्ष्म स्पंदनांनी कंप आवरायचा. घरात तयारी सुरू झाली. तेवढ्यात अभियांत्रिकी शिकणारा नातू म्हणाला, “आजोबा, असली यंत्रे हॅक होतात. मी पिक्चर पाहिलाय.” दादा त्या रात्री झोपले नाहीत. पहाटे त्यांनी मला दूरध्वनी केला आणि आपल्या भाषेत एकच प्रश्न विचारला, “ऑपरेशन झाल्यावर सातबारा माझ्याच नावावर राहील ना रे?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे वाचले, पाहिले आणि विचारले, ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पडद्यावरचा भयपट

नातवाने पाहिलेला चित्रपट म्हणजे ‘अपग्रेड’. २०१८ साली प्रदर्शित झाला. लेखन-दिग्दर्शन ली व्हॅनेल यांचे. कथा नजीकच्या भविष्यकाळातली. ग्रे नावाचा एक मोटार-कारागीर. यंत्रांच्या गर्दीत हाताने काम करण्यात आनंद मानणारा. एका हल्ल्यात त्याच्या पत्नीची हत्या होते आणि मानेखालचे त्याचे सारे शरीर लुळे पडते. एक धनाढ्य संशोधक त्याच्या मानेत ‘स्टेम’ नावाची चिप बसवून देतो. हातपाय पुन्हा चालू लागतात. अट एकच, ही गोष्ट कोणालाही सांगायची नाही. जन्मदात्या आईलाही नाही.

थोड्याच दिवसांत ती चिप त्याच्याशी बोलू लागते. मग परवानगी मागते. ‘हात मला चालवू दे’ म्हणते आणि सूडाच्या आवेशात तो ती देतो. पुढे एका हॅकरच्या साह्याने चिपवरचे निर्बंध काढून टाकले जातात. शेवटी उघड होते की, पत्नीच्या हत्येपासून सारा कट त्या चिपचाच होता. तिला एक शरीर हवे होते. ग्रेचे मन एका सुखस्वप्नात कोंडले जाते, तेथे पत्नी जिवंत आहे आणि सारे ठीक आहे. बाहेर त्याच्या देहात मात्र दुसराच कोणी वावरत असतो.

याच जातीचा आणखी जुना चित्रपट जपानचा. मामोरू ओशी यांचा १९९५ मधील ‘घोस्ट इन द शेल’. त्यात कचरागाडीवरील एक कामगार आपल्या पत्नीविषयी व मुलीविषयी जिव्हाळ्याने बोलतो आणि पोलीस त्याला सांगतात की, तुला ना पत्नी आहे, ना मुलगी. मेंदूत शिरून कोणीतरी या आठवणी पेरल्या आहेत. तो रडतो. आपण हसत नाही, कारण त्याचे प्रेम खोटे नसते. खोटी असते ती केवळ आठवण.

हे दोन्ही चित्रपट करमणुकीसाठी आहेत. हिंसा भडक आहे आणि लहान मुलांना दाखवण्याजोगे ते मुळीच नाहीत. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पोरकट नाही. आपण आता त्यातले सत्य किती आणि कल्पना किती, याचा निवाडा करू.

कॉर्डोबाचा वळू

घोडेगावकरांना वळू म्हणजे काय, हे मी सांगण्याची गरज नाही. स्पेनमधील कॉर्डोबा येथे १९६३ साली होसे देल्गादो नावाचा शास्त्रज्ञ एका वळूपुढे रिंगणात उतरला. हे गृहस्थ अमेरिकेतील येल विद्यापीठात संशोधन करीत. वळूच्या मेंदूत आधीच तारा बसवलेल्या होत्या आणि देल्गादोंच्या हातात रेडिओ-प्रेषक होता. वळू चाल करून आला. त्यांनी बटण दाबले. वळू धावता धावता थांबला आणि वळला. दोन वर्षांनी ही वार्ता ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आली आणि जगभर खळबळ उडाली. आता माणसालाही असेच थांबवता येईल, असे लोक म्हणू लागले. १९६९ साली देल्गादोंनी मनाच्या भौतिक नियंत्रणावर ग्रंथही लिहिला.

पुढे इतर शास्त्रज्ञांनी या प्रयोगाची चिकित्सा केली. त्यांचे म्हणणे असे की, वळूचा राग शांत झाला नव्हता. विजेच्या झटक्याने त्याचे शरीर एका बाजूला फिरले, एवढेच. आपल्या भाषेत सांगायचे तर वेसण ओढली गेली, वळू माणसाळला नाही. शरीर ओढणे आणि मन जिंकणे यांतला हा भेद लक्षात ठेवावा. पडद्यावर हा भेद पुसला जातो, म्हणून भय वाटते.

वरदानाची बाजू

आता वस्तुस्थिती पाहू. १९८७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे डॉ. बेनाबिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले की, मेंदूच्या विशिष्ट भागाला वेगाने विद्युत्स्पंदने दिली असता हाताचा कंप थांबतो. यातून आजची उपचारपद्धती विकसित झाली. अमेरिकेत १९९७ मध्ये कंपासाठी आणि २००२ मध्ये पार्किन्सनसाठी तिला मान्यता मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हे काम सुरू केले. जगभरात दीड लाखांहून अधिक रुग्णांच्या मेंदूत आज अशी यंत्रे बसलेली आहेत. रोग मुळातून जात नाही, पण चमचा तोंडापर्यंत नीट जातो. ज्याच्या घरी असा रुग्ण आहे, त्याला याचे मोल कळेल.

श्रवणयंत्राचेही तसेच. जन्मतः बहिऱ्या बालकाच्या कानाच्या आतील शंखाकृती भागात बसवण्याचे कॉक्लिअर रोपण आपण ऐकले असेल. मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांना या क्षेत्रातील कार्यासाठी २०१४ साली पद्मश्री मिळाली. गरीब घरांतील मुलांसाठी केंद्र शासनाची योजना आहे आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था तिचे काम पाहते. ज्या बालकाने आईची हाक कधी ऐकली नव्हती, ते वळून पाहते. विज्ञानाचे हे ऋण नाकारणे कृतघ्नपणा ठरेल.

मग ही यंत्रे मनात हस्तक्षेप करीतच नाहीत काय? तसेही नाही. १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी एक प्रसंग प्रसिद्ध केला. पासष्ट वर्षांची एक रुग्ण स्त्री, पूर्वी नैराश्याचा कोणताही इतिहास नाही. तिच्या मेंदूतील एका बिंदूला स्पंदन देताच काही क्षणांत ती रडू लागली, जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागली. स्पंदन थांबवले आणि दीड-एक मिनिटात ती पूर्ववत झाली. तार काही मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तर दुःख निर्माण होऊ शकते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. दादांचा प्रश्न म्हणूनच भाबडा नव्हता.

शिंगणापूरचे दार

आता चोरांकडे येऊ. शरीरातील यंत्राशी डॉक्टर बाहेरून बिनतारी संपर्क साधतात. मात्रा कमी-अधिक करतात. यासाठी प्रत्येक वेळी छाती उघडावी लागत नाही, ही सोयच आहे. पण जे दार डॉक्टरला उघडते, ते दुसऱ्याला उघडणार नाही कशावरून? २००८ साली अमेरिकेतील विद्यापीठांच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत हृदयातील एका यंत्रावर हे करून दाखवले. काही सेंटिमीटर अंतरावरून त्यांनी रुग्णाची माहिती वाचली, उपचार बदलले आणि झटका देण्याची आज्ञाही दिली. पुढच्याच वर्षी वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी मेंदूतील यंत्रांच्या सुरक्षेचा प्रश्न शास्त्रीय नियतकालिकात मांडला. अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या हृदययंत्राचा बिनतारी भाग २००७ साली डॉक्टरांनी मुद्दाम बंद करून घेतला होता, हे त्यांनी स्वतः २०१३ मध्ये सांगितले. २०१७ साली अमेरिकेतील सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या आज्ञावलीत सुरक्षेसाठी सुधारणा करावी लागली.

या यंत्रांना आरंभीच मजबूत कुलपे का लावली नाहीत, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर आपल्या शेजारी आहे. येथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. घरांना दारे नाहीत, कुलपे नाहीत. शनिदेवाच्या गावात चोरी कोण करील, ही श्रद्धा. यंत्रे बनवणाऱ्या अभियंत्यांचीही अशीच एक श्रद्धा होती. रुग्णाच्या मेंदूवर हल्ला कोण करील? आणि दुसरे एक व्यावहारिक कारण होते. रुग्ण बेशुद्ध होऊन परगावच्या रुग्णालयात आला, तर तेथील डॉक्टरला ते यंत्र ताबडतोब उघडता आले पाहिजे. कुलूप फार मजबूत असेल आणि किल्ली घरी राहिली असेल, तर कुलूपच जीव घेईल. सताड उघडे दार चोराला सोयीचे आणि पक्के बंद दार आगीच्या वेळी घातक. या पेचातून मार्ग काढणे, हे अभियंत्यांपुढचे खरे कोडे आहे.

शिंगणापुरातही काळ बदलला. २०११ साली तेथे युको बँकेची शाखा बिनकुलुपाची म्हणून गाजली. पण तिच्या काचेच्या दाराला सहजी न दिसणारे विद्युतचुंबकीय कुलूप होतेच. २०१५ साली गावात पोलीस ठाणे झाले. आणि २०२५ साली बनावट अ‍ॅपवरून पूजेच्या नावाखाली भाविकांकडून पैसे घेतल्याचा गुन्हा नोंदवला गेला. उंबरठा न ओलांडता घरात शिरणारा हा चोर आहे. श्रद्धा असावीच, पण या चोरासाठी श्रद्धेच्या जोडीला जागरूकता हवी.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. प्रयोगशाळेत दोष दाखवले गेले आहेत, परंतु उपचारासाठी मेंदूत बसवलेले यंत्र एखाद्या गुन्हेगाराने बाहेरून ताब्यात घेतल्याची एकही खात्रीची घटना माझ्या वाचनात आलेली नाही. केवळ चित्रपट पाहून कोणी उपचार टाळत असेल, तर तो आपल्याच माणसाचा हात थरथरत ठेवील.

मालक निघून गेला तर?

मला स्वतःला चोरापेक्षा अधिक चिंता मालकाची वाटते. अमेरिकेतील सेकंड साइट या कंपनीने अंधांसाठी डोळ्यातील रोपण बनवले होते. जगात साडेतीनशेहून अधिक लोकांना ते बसवले गेले. पूर्ण दृष्टी नव्हे, पण प्रकाशाचे ठिपके, दाराची चौकट, समोरच्या माणसाची हालचाल एवढे कळू लागले. २०१९ मध्ये कंपनीने ते उत्पादन थांबवले आणि २०२० मध्ये ती डबघाईला आली. यंत्र बिघडले तर दुरुस्त करणारे कोणी उरले नाही. काहींचा उजेड पुन्हा गेला आणि निकामी यंत्र डोळ्यात तसेच राहिले. येथे कोणी हॅकर आला नव्हता. ताळेबंद जुळला नाही, इतकेच.

स्वदेशीचा विचार आपण अनेक वर्षे मांडत आलो आहोत. साबण आणि टूथपेस्ट यांच्यापुरता तो मर्यादित नाही. मेंदूतील उद्दीपक यंत्रे आजही मुख्यतः परदेशी कंपन्यांची असतात. तज्ज्ञ शल्यचिकित्सक आपले, रुग्ण आपला. आज्ञावली मात्र परक्याची. आपल्याला हे जमणार नाही काय? तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली हृदयाची कृत्रिम झडप घडली. आधीचे नमुने अयशस्वी झाले, कोणी हार मानली नाही आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या रुग्णाला ती बसवली गेली. आज लाखाहून अधिक भारतीय तिच्यावर जगले आहेत. आपल्या मुलांनी हॅकिंगचे चित्रपट जरूर पाहावेत, पण पाहून झाल्यावर असे काही घडवण्याचा संकल्पही करावा.

मेंदूची झडती

आतापर्यंत आपण मेंदूत काही घालण्याविषयी बोललो. मेंदूतून काही काढून घेण्याचे काय? या बाबतीत जगाचे लक्ष वेधून घेणारा प्रसंग आपल्या महाराष्ट्रात घडला. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका तरुणीला पूर्वाश्रमीच्या वाग्दत्त वराच्या खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. पुराव्यांमध्ये एक नवीन प्रकार होता. तिच्या डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी चढवून, गुन्ह्यासंबंधीची वाक्ये प्रथमपुरुषी भाषेत तिला ऐकवली गेली होती. तिने तोंडाने काही बोलायचे नव्हते. मेंदूतील विद्युतलहरींवरून ‘हा अनुभव हिच्या स्मरणात आहे’ असा निष्कर्ष यंत्राने दिला. जगभरच्या शास्त्रज्ञांनी या पद्धतीच्या विश्वासार्हतेविषयी प्रश्न उपस्थित केले. पुढे उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला.

तिने काय केले अथवा केले नाही, याचा निवाडा या व्यासपीठावरून करायचा नाही. पण कल्पना करा. तोंड बंद ठेवण्याचा अधिकार माणसाला आहे. मेंदू बंद ठेवणार कसा? ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निर्णय दिला की, नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या कोणावरही त्याच्या संमतीविना करता येणार नाहीत. आपल्या न्यायव्यवस्थेचा हा निर्णय काळाच्या पुढे होता, हे अभिमानाने सांगितले पाहिजे.

कारण पुढे काय घडले पाहा. २०१२ साली संशोधकांनी खेळासाठी विकत मिळणारी स्वस्त मेंदूलहरी-टोपी वापरून प्रयोग केला. पडद्यावर आकडे, बँकांची चिन्हे, चेहरे दाखवायचे. ओळखीचे काही दिसले की, सुमारे ३०० मिलिसेकंदांनी मेंदूत एक विशिष्ट लहर उठते. तिच्यावरून गुप्त आकड्यांचा अंदाज निव्वळ योगायोगापेक्षा चांगला बांधता आला. जानेवारी २०२४ मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीची चिप प्रथमच माणसाच्या मेंदूत बसवली गेली आणि मानेखाली लुळा पडलेला तो तरुण केवळ विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागला. त्याचा आनंद खराच. पण त्याच्या मेंदूतून निघणारी माहिती कोणाची? चिली या देशाने २०२१ मध्ये मेंदूतील माहितीचे संरक्षण थेट राज्यघटनेत घातले. नोव्हेंबर २०२५ मध्ये युनेस्कोने या तंत्रज्ञानाच्या नीतिमत्तेविषयी शिफारशी स्वीकारल्या. आपल्याकडे २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे, पण मेंदूतील संकेतांचा त्यात स्वतंत्र उल्लेख नाही. येथे आपल्या लोकप्रतिनिधींना आणि वकील मंडळींना काम आहे.

आपल्या बाजारात आता कानात टॅग असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री होत नाही. १ जून २०२४ पासून राज्यात तसा नियम आहे. बारा अंकी क्रमांकावरून त्या जनावराची नोंद निघते. रोगप्रतिबंधासाठी ते योग्यच आहे. परंतु म्हशीला संमती विचारावी लागत नाही, माणसाला विचारावी लागते. माणूस आणि पशू यांच्यामधला हा उंबरठा झिजू देता कामा नये.

नेवाशाचा सातबारा

आता दादांच्या प्रश्नाकडे परत येतो. सातबारा कोणाच्या नावावर? आपल्या तालुक्याचे भाग्य असे की, हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी येथेच, नेवाशाच्या खांबाला टेकून, ज्ञानोबामाउलींनी उलगडला. शके १२१२ ची ही गोष्ट. गीतेचा तेरावा अध्याय शरीराला क्षेत्र म्हणतो आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. माउलींनी या अध्यायावर भाष्य करताना शेतीचाच वाद उभा केला आहे. हे क्षेत्र कोणाचे? एक पक्ष सांगतो, जीवाचे. प्राण हे त्याचे कूळ, मन देखरेखीला, इंद्रिये हे रात्रंदिवस राबणारे बैल. दुसरा पक्ष म्हणतो, छे, हे प्रकृतीचे. कोणी काळाचे नाव लावतो. जणू तलाठ्यापुढे दावेदारांची गर्दी झाली आहे!

आजच्या काळात या दावेदारांत काही नव्यांची भर पडली आहे. यंत्र बनवणारी कंपनी, आज्ञावली लिहिणारा, माहिती साठवणारा आणि चोरून शिरणारा. पण जाणणारा तोच, जो या साऱ्यांकडे पाहतो. आपल्या शास्त्रांनी इंद्रियांना बैल म्हटले, घोडे म्हटले. त्यांना आवरणारा धनी जागा पाहिजे, हा त्यातला उपदेश. ग्रेचा पराभव चिप बसवली तेव्हा झाला नाही. ‘माझा हात तू चालव’ असे तो म्हणाला, तेव्हा झाला.

आणि त्यासाठी चिपच लागते असेही नाही. ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली सुशिक्षित, निवृत्त अधिकाऱ्यांना दोन-दोन दिवस भ्रमणध्वनीसमोर बसवून आयुष्यभराची पुंजी काढून घेतली जाते. त्यांच्या डोक्यात कोणतेही यंत्र नसते. भयाने त्यांचे मन ताब्यात घेतलेले असते. अशा प्रत्येक प्रकरणात चोर पहिली अट हीच घालतो, घरात कोणाला सांगायचे नाही. चित्रपटातली अट आठवते ना? आईलाही सांगायचे नाही. माणसाला घरापासून तोडले की पुढचे काम सोपे होते.

डॉ. जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी आपल्यातून गेले. त्यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत पुरातन संस्कृतीने मागे ठेवलेल्या ज्ञानावरून एक यंत्रमानव घडवला जातो आणि त्या संस्कृतीचे काय झाले, याचा उलगडा नंतर होतो. पुराणातल्या वामनाने तीन पावले मागितली. देणाऱ्याला वाटले, तीनच तर आहेत. मराठी वाचकाला हा इशारा चार दशकांपूर्वीच दिला गेला आहे.

दादांचे चार प्रश्न

मग दादांनी काय केले? शस्त्रक्रिया नाकारली नाही आणि डोळे मिटून स्वीकारलीही नाही. इंग्रजीतले संमतिपत्र त्यांनी मराठीत समजावून मागितले. तलाठ्याच्या शिस्तीने चार प्रश्न कागदावर लिहवून घेतले. एक, हे यंत्र कोण, किती अंतरावरून उघडू शकतो आणि अडचणीच्या वेळी परगावचा डॉक्टर ते कसे उघडील? दोन, माझ्या यंत्राची माहिती कोठे साठते आणि कोणाला दिसते? तीन, बॅटरी संपली किंवा कंपनी बंद पडली तर पुढे कोण? चौथा प्रश्न ऐकून डॉक्टरही क्षणभर थांबले. माझ्या स्वभावात फरक पडला, तर तो मला कसा कळेल?

डॉक्टरांनी उत्तर प्रामाणिकपणे दिले. कदाचित तुम्हाला कळणार नाही, घरच्यांना कळेल. म्हणून आम्ही त्यांनाही बोलावतो.

दादांनी वहिनींकडे पाहिले. पंचेचाळीस वर्षांचा संसार. वहिनी म्हणाल्या, “यांचा राग किती आणि हट्ट किती, याचं माप माझ्याकडे आहे. कमी-जास्त झालं तर लगेच सांगीन.” सभागृहातील मातृभगिनींना यात विनोद वाटेल, पण डॉक्टरांनी ते वाक्य गंभीरपणे टिपून घेतले. पुढे पहिल्या महिन्यात दादा एकाएकी फार बोलू लागले, रात्री उठून कपाटे आवरू लागले. त्यांना स्वतःला वाटत होते, आपल्याला उत्साह आला आहे. वहिनींनी फोन केला. मात्रा थोडी कमी केली गेली आणि आमचे दादा आम्हाला परत मिळाले. कोणत्याही कुलपाने हे काम केले नसते.

आज यंत्राचा छोटा नियंत्रक देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो. वहिनी कधी कधी म्हणतात, “आता रिमोट माझ्या हातात आहे, जपून बोला.” ज्या नातवाने भीती घातली होती, तोच दर सहा महिन्यांनी आजोबांना घेऊन मुंबईला जातो आणि यंत्राच्या आज्ञावलीविषयी डॉक्टरांना प्रश्न विचारतो. गेल्या दिवाळीत दादा बँकेत गेले. सही पहिल्यासारखी मोत्यासारखी आली नाही, थोडी वाकडी आली. त्यांनी अधिकाऱ्याला सांगितले, नमुना सही बदलून घ्या, आता ही माझी सही. ती मान्य झाली.

सज्जनहो, पुढील वीस-पंचवीस वर्षांत असली यंत्रे आपल्या गावांतही येतील. अर्धांगवायूच्या रुग्णासाठी, अपस्माराच्या मुलासाठी, बहिऱ्या बालकासाठी ती येतीलच आणि यायला हवीत. त्या वेळी घाबरून दार लावून घेणारा समाज आपल्याला नको आणि दार सताड उघडे टाकून झोपणाराही नको. संमतीचा कागद समजून घेतल्याशिवाय सही करू नये. डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. घरात अशी कोणतीही गोष्ट असू नये, जी ‘कोणाला सांगायची नाही’ या अटीवर आलेली आहे. आणि आपल्या कुटुंबात एकमेकांकडे इतके लक्ष असावे की, कोणाच्या स्वभावात काडीचा फरक पडला तरी दुसऱ्याला तो जाणवावा. एवढे केले तर सातबारा आपल्याच नावावर राहील, असे मी दादांना सांगितले होते. आपल्यालाही तेच सांगतो आणि रजा घेतो.